लिफ्टमधली एमिली

लिफ्टमध्ये मजल्यांच्या बटणांखाली घंटेचं चित्र असलेलं एक बटण असतं. ते दाबलं की कुठेतरी फोन वाजतो आणि कोणीतरी उचलतं. बहारीनमधल्या बऱ्याच इमारतींसाठी तो उचलणारी मी आहे. तुबलीत एका गॅरेजच्या वर आमचं ऑफिस आहे. खाली दिवसभर पत्रे ठोकतात, वर आम्ही सहा जणी आणि दोन पुरुष कानाला हेडफोन लावून बसतो. अठरा वर्षं झाली. माझ्याकडे कोणी सहज फोन करत नाही, सगळे अडकल्यावर करतात. त्यामुळे मला माणसं पहिल्या वाक्यापासून खरी भेटतात, असं मी अभिमानाने सांगत असे. आता सांगत नाही.

काम सोपं आहे. माणूस कुठल्या लिफ्टमध्ये आहे ते पडद्यावर दिसतं. आम्ही विचारायचं: किती जण आहात, कोणी आजारी आहे का, कोणाला लागलंय का. उत्तरावरून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. लाल असेल तर मेकॅनिक हातातलं काम टाकून धावतो. हिरवा असेल तर नंबराने येतो. अडकलेल्याला सांगायचं, 'कृपया खाली बसा, शांत राहा, आम्ही येतोय.' बसा म्हणायचं कारण घाबरलेला माणूस उभा असला तर चक्कर येऊन पडतो. मग दर दहा मिनिटांनी परत फोन करायचा.

यातलं अवघड काम म्हणजे इंग्रजी. इथे बहारीनी, ब्रिटिश, फिलिपिनो, मलबारी, पाकिस्तानी, कोकणी, सगळे एकाच लिफ्टमधून जातात आणि अडकले की इंग्रजीत बोलतात. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं आणि दुसऱ्याच्या इंग्रजीबद्दलचं मत त्याहून पक्कं. रिफाच्या एका व्हिलात खाजगी लिफ्टमध्ये अडकलेल्या इंग्रज बाईंना मी पूर्ण दोन मिनिटं इंग्रजीत धीर दिला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तिथे इंग्रजी बोलणारं कोणी आहे का?" माझ्या शेजारच्या लिझाला, ती फिलिपिन्समधल्या सेबूची, लोक 'स्वीट' म्हणतात आणि तिचं काहीच मनावर घेत नाहीत. आमची सुपरवायझर फातिमा अरबीत बोलली तर बहारीनी म्हातारे खूश होतात. तीच इंग्रजीत बोलली की तिचेच देशबंधू 'मॅनेजर द्या' म्हणतात. आणि आपले लोक? आपल्या लोकांनी माझा आवाज ओळखला की ते आधी हिरमुसतात. एका बँकवाल्या गृहस्थाने मला सरळ सांगितलं, "मॅडम, डोंट माइंड, पण यू आर ऑल्सो फ्रॉम अवर साइड ओन्ली. कंपनीचं माणूस द्या ना."

मीही सुटलेली नाही. मी खेडची. मराठी शाळेत शिकले, इथे येऊन घासूनपुसून इंग्रजी केलं आणि मग नव्या मुलींना शिकवायला लागले. जिन्सी नावाची केरळची एक मुलगी होती. तिच्या बोलण्याची मी सगळ्यांसमोर नक्कल केली, तिला सुधारण्यासाठी म्हणून. सगळे हसले. तीही हसली. महिन्याभरात तिने नोकरी सोडली. ती अडकलेल्या माणसांशी माझ्यापेक्षा चांगलं बोलायची, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मग एमिली आली.

एमिली म्हणजे एक सॉफ्टवेअर. तुम्ही मायक्रोफोनमध्ये तुमच्या इंग्रजीत बोलायचं, पलीकडच्याला ते एका इंग्रज बाईच्या आवाजात ऐकू जायचं, तिथल्या तिथे. शब्द तुमचे, दम घेणं तुमचं, आवाज तिचा. कंपनीने सगळ्यांना एकच आवाज दिला, दोन पुरुषांनाही. नाव आम्ही ठेवलं. ऑफिसात आठ जण आठ तऱ्हांनी बोलायचे आणि बहारीनभर एकच बाई उत्तर द्यायची.

खरं सांगायचं तर मला ती आवडली. पहिल्याच आठवड्यात शिव्या थांबल्या. 'कंपनीचं माणूस द्या' थांबलं. रिफाच्या त्याच इंग्रज बाई पुन्हा अडकल्या. मी तेच शब्द त्याच क्रमाने बोलले आणि त्या म्हणाल्या, "थँक गुडनेस, डार्लिंग." अठरा वर्षांत मला कोणी डार्लिंग म्हणालं नव्हतं. पण म्हणालं ते मला नव्हे.

ती अंगावर आली ती रेकॉर्डिंग ऐकताना. महिन्यातून एकदा मला सगळ्यांचे फोन तपासावे लागतात. कॉल कोणाचा ते पडद्यावर न बघता ओळखायचं मी ठरवलं आणि मला माझाच कॉल ओळखता आला नाही. मग माझा खोकला आला. मला कोरडा खोकला आहे, तो मधेच येतो. त्या इंग्रज बाईला माझा खोकला आला. पण तोही तिच्या पद्धतीने, रुमालात खोकल्यासारखा.

दुसरी गोष्ट रिकाम्या लिफ्टची. उन्हाळ्यात हवेत इतकी वाफ असते की बटणात ओल शिरते आणि फोन आपोआप लागतो. पडद्यावर इमारत दिसते, लाइन उघडी असते, पलीकडे कोणी नसतं. नुसता पंखा आणि दोराची कुरकुर. तीनदा विचारायचं आणि 'रिकामी' अशी नोंद करून बंद करायचं. अशा एका फोनवर मी तीनदा विचारलं, उत्तर नाही. कंटाळून एक उसासा टाकला आणि मराठीत स्वतःशी काहीतरी पुटपुटले, बहुतेक घरच्या गॅस सिलिंडरबद्दल. रेकॉर्डिंगमध्ये माझं पुटपुटणं नव्हतं. त्या जागी एमिली होती. रिकाम्या लिफ्टशी ती हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं बोलत होती. शब्द इंग्रजी वाटत होते, पण एकही शब्द कुठल्या भाषेतला नव्हता. मी फातिमाला ऐकवलं.

"हे तू बोललीस?" तिने विचारलं.

"मी सिलिंडर म्हणाले."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, स्वतःपासून जरा लांब. "खलास. मला पुन्हा ऐकवू नकोस."

कॉम्प्युटरवाल्याने समजावलं की त्यात काही नाही. यंत्राला इंग्रजीच बनवायला शिकवलंय, त्याला जे मिळेल त्याचं ते इंग्रजी बनवतं. मला पटलं. पण त्यानंतर हेडफोन चढवल्यावर मी मनातल्या मनात बोलायचंही सोडलं.

आता इक्बालची गोष्ट. तिच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

ऑगस्टची दुपार होती, दोनचा सुमार. मआमीरजवळ एक नवी इमारत, अजून राहायला कोणी आलेलं नाही, आत रंगकाम चाललेलं. वीज गेली आणि लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मधे अडकली. त्या लिफ्टच्या फोनला आणि दिव्याला बॅटरी आहे, तेवढं चालू होतं. फोन माझ्याकडे आला.

"गुड आफ्टरनून. आर यू ऑल राइट?" मी विचारलं. म्हणजे एमिलीने.

"येस मॅडम. नो प्रॉब्लेम, मॅडम."

"किती जण आहात?"

"ओन्ली मी, मॅडम."

"काही त्रास? लागलंय?"

"नो मॅडम. ऑल ओके. सॉरी, मॅडम."

मी हिरवा रंग दिला. मेकॅनिक रिफाला होता, तिथे लिफ्टमध्ये एक गरोदर बाई होती, तो लाल. मी माझ्या अडकलेल्या माणसाला ठरलेलं वाक्य सांगितलं, "कृपया खाली बसा, शांत राहा." तो म्हणाला, "येस मॅडम, सिटिंग, मॅडम." आणि बसल्याचा आवाज आला.

दहा मिनिटांनी फोन केला. "नो प्रॉब्लेम, मॅडम. यू टेक युवर टाइम, मॅडम." आणि हसला. मला बरं वाटलं. असे समजूतदार लोक कमी.

वीस मिनिटांनी केला. उत्तर यायला वेळ लागला. "यू आर व्हेरी काइंड, मॅडम," म्हणाला आणि पुन्हा हसला. हसणं थांबेना. गंमत आल्यासारखं नाही, उचकी लागल्यासारखं. मग तो बटणापासून बाजूला झाला असावा, आणि लांबून, स्वतःशी, आवाज आला: "काय ही बलामत."

बलामत. हा शब्द मी खेड सोडल्यापासून ऑफिसात कधी ऐकला नव्हता. काही संकट आलं की माझी आई म्हणायची.

इथे मला माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो आमच्याच गल्लीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. एकदा त्याच्या बोटाचं टोक कापलं गेलं. तेवढ्यात त्यांचा ब्रिटिश इंजिनियर आला आणि त्याने विचारलं, सगळं ठीक ना. हा हात पाठीमागे धरून म्हणाला, "नो प्रॉब्लेम, सर." साहेब जाईपर्यंत पाठीमागे रक्त गळत होतं. घरी मी ओरडले तर म्हणाला, "अगो, गोऱ्यानं विचारलं की नो प्रॉब्लेमच सांगायचं असतं. प्रॉब्लेम आपल्या फोरमनला सांगायचा." हे मला माहीत होतं. आमच्या सगळ्या माणसांचं हेच आहे, हे अठरा वर्षं माहीत होतं. आणि मी इंग्रज बाईच्या आवाजात एका कोकणी माणसाला तीनदा विचारलं होतं, काही त्रास आहे का.

एमिलीला बंद करायचं बटण आमच्याकडे नव्हतं. मी हेडफोन काढला, फातिमाच्या टेबलावर गेले आणि तिथला जुना वायरचा फोन उचलून लिफ्टचा नंबर लावला.

"सुनंदा, काय करतेस?" फातिमा म्हणाली. "तो फोन रेकॉर्ड होत नाही."

"बरंच आहे." लिफ्टचा फोन आपोआप उचलला जातो. मी मराठीत म्हटलं, "ए भाऊ. कुठला तू?"

आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग, "कोण बोलतंय?"

"मी खेडची. लिफ्टच्या ऑफिसातनं बोलते. तू कुठला?"

"दापोलीकडचा. इक्बाल."

"इक्बाल, खरं सांग. आत काय झालंय?"

"थिनरचा डबा लवंडला, बाय. वीस लिटरचा. झाकण सैल होतं. सगळा सांडला."

रंगकामाचा थिनर. नुसता वास घेतला तरी डोकं फिरतं. बंद लिफ्टमध्ये, पंखा बंद, अर्धा तास.

"मघाशी का नाही सांगितलंस?"

"ती मॅडम होती ना," तो म्हणाला, जणू हे सांगायची गरजच नव्हती. "थिनर माणसांच्या लिफ्टमधून न्यायचा नसतो. मालाची लिफ्ट बंद आहे, फोरमन म्हणाला जा यातूनच. मॅडमला कळलं तर लिहून घेईल. कंपनी घरी पाठवेल."

मी फोनवर हात ठेवून ओरडले, "थिनर आहे आत. लाल करा." फातिमाने लगेच अरबीत अग्निशमनला फोन लावला. लिझा म्हणाली, "मॅम, इमारतीचा इलेक्ट्रिशियन आताच बोलला, तो वीज चालू करतोय."

"नको. त्याला सांग स्विचला हात लावू नकोस. ठिणगी पडली तर संपलं."

लिझा, जिला कोणी मनावर घेत नाही, ती फोनमध्ये अशी किंचाळली की खाली पत्रे ठोकायचे थांबले. इलेक्ट्रिशियनने हात काढला.

राहिला इक्बाल. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साठते. हे मला लिफ्टच्या खड्ड्यात उतरणाऱ्या मेकॅनिकांकडून माहीत. म्हणजे तो जिथे बसला होता तिथेच सगळं विष होतं. आणि तिथे त्याला मी बसवलं होतं.

"इक्बाल, उठ. उभा राहा. दोन्ही हातांनी दार जमेल तेवढं फाक आणि फटीला तोंड लाव."

"नको, बाय. बसायला सांगितलंय."

"कोणी?"

"मॅडमनं."

"अरे, मीच सांगते उठ. ती मॅडम मीच होते."

तो हसला. तेच न थांबणारं हसणं. "नाय हो. ती गोरी होती. ती फार चांगली आहे. म्हणाली बस, शांत राहा. आता ती येईल." आवाज जड झाला होता, झोपेतल्यासारखा. "तुम्ही लाइन सोडा, बाय. तिचा फोन येईल."

मी शिव्या घातल्या. आईबापाची शपथ घातली. दापोलीच्या माणसाला खेडची बाई जे जे म्हणू शकते ते म्हटलं. त्याने मला खरं सांगितलं होतं, पण माझं ऐकणार नव्हता. त्याला माझ्याहून मोठी बाई बसवून गेली होती.

मी फोन आदळला, माझ्या टेबलाशी गेले आणि हेडफोन चढवला.

लिफ्टचा नंबर लागला. मी श्वास घेतला. माझा आवाज थरथरत होता, कानात जे ऐकू आलं ते थरथरत नव्हतं. "इक्बाल," एमिली म्हणाली, शांतपणे. "स्टँड अप, प्लीज. नाऊ."

कपड्यांची सळसळ झाली. काहीतरी भिंतीला आपटलं. "येस, मॅडम."

"दाराची फट. तोंड तिथे लाव. श्वास घे."

"येस, मॅडम. सॉरी, मॅडम."

बावीस मिनिटं ती त्याच्याशी बोलत राहिली. मी मधे कधी थांबले तर तो विचारायचा, "मॅडम, यू आर देअर?" आणि ती म्हणायची, "आय अॅम हिअर." मी ते म्हणत होते की नाही, मला नीट आठवत नाही. रेकॉर्डिंग आहे. मी ते ऐकलेलं नाही. माझ्याभोवती सगळे उभे होते, आणि एका रिकाम्या इमारतीत एक माणूस फटीला तोंड लावून उभा होता. कारण एका नसलेल्या बाईने त्याला सांगितलं होतं.

अग्निशमनवाल्यांनी हाताने लिफ्ट खाली घेतली. दार उघडल्यावर तो त्यांच्या अंगावरच कोसळला, पण श्वास चालू होता.

चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलात भेटायला गेले. तिशी ओलांडलेला, सडपातळ, नखांत पांढरा रंग. आवाज घोगरा झाला होता. मी नारळाच्या वड्या नेल्या होत्या. त्याने आधी गावाचं विचारलं, आमचं घर कुठल्या बाजूला, कोणाकडचे. बायकोला अजून काही कळवलं नाही म्हणाला. मग दाराकडे बघून आवाज खाली घेतला.

"बाय, एक काम कराल?"

"बोल."

"थिनरचं तिला सांगू नका."

"कोणाला?"

"त्या मॅडमला."

मी म्हटलं, "अरे शहाण्या, फोरमनला माहीत आहे, अग्निशमनवाल्यांना माहीत आहे, तुझ्या कंपनीला माहीत आहे. सगळ्या इमारतीला वास येत होता. आता राहिलं कोण?"

"ती," तो म्हणाला. "मी तिला तीनदा खोटं बोललो. शेवटपर्यंत ती माझ्याशी चांगली वागली. तिला तेवढं कळू नये."

मी त्याला सांगितलं की तसं कोणी नाही. यंत्र आहे, बोलणारी मीच. एक वाक्य इंग्रजीत बोलूनही दाखवलं. त्याने ते नीट ऐकलं आणि दया आल्यासारखी मान हलवली. "तुमचं पण चांगलं आहे," म्हणाला. "पण ती वेगळी."

मी वाद घालणाऱ्यांतली नाही. म्हटलं, "बरं. नाही सांगत." त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

बरा झाल्यावर कंपनीने त्याला सुट्टीवर घरी पाठवलं. परत बोलावलं नाही.

त्याच महिन्यात चौकशी झाली. दुबईचं मुख्य ऑफिस फोनवर, आम्ही इथे. काय घडलं ते मी सांगायचं होतं. मी हेडफोन बाजूला ठेवला आणि टेबलावरच्या फोनवरून, माझ्या खेडच्या इंग्रजीत, सुरुवात केली. हिरवा रंग का दिला, तिथे पोचले. लाल का केला, तिथे थांबले, कारण पुढचा शब्द थिनर होता, आणि इक्बालला मी 'नाही सांगत' म्हटलं होतं. त्या शांततेत पलीकडचा अधिकारी बोलला. आवाजावरून आपल्याच देशातला, बहुधा लखनौकडचा.

"मॅडम, सॉरी, तुमचं नीट कळत नाहीये. प्लीज, सिस्टिमवरून बोलाल का? इथे सगळ्यांना ते सोपं जातं."

फातिमाने माझ्याकडे बघितलं. मी हेडफोन चढवला.

आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. लिफ्ट, वीज, वीस लिटर थिनर, सैल झाकण. एकदाही न अडखळता.